एमआरआयच्या बोगद्यातला वेळ सुसह्य कसा करायचा

एमआरआयमध्ये कुठे कापत नाहीत, क्ष-किरण नसतात आणि डाय, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट यावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, द्यायची नसेल तर सुईसुद्धा टोचत नाहीत. माणसाने फक्त पडून राहायचं असतं. तरीही एकदा अनुभव घेतलेले बरेच जण दुसऱ्यांदा तपासणी सांगितली की टाळाटाळ करतात. साधारण शंभरात एक-दोन जण ती अर्धवट सोडून उठतात किंवा आत जायलाच तयार होत नाहीत. घरच्यांना वाटतं, एवढं काय त्यात? रुग्ण म्हणतो, पुन्हा त्या नळीत जाणार नाही म्हणजे नाही.

या त्रासातला बराचसा भाग भौतिकशास्त्राने आणलेला आहे. अरुंद जागा, कानठळ्या बसवणारा आवाज, मध्येच जाणवणारी ऊब, न हलण्याची सक्ती या सगळ्यामागे यंत्राची काही ना काही गरज असते. त्यातलं काय बदलताच येत नाही आणि काय एका उशीने बदलतं, हे कळलं की नेमकं काय मागायचं तेही कळतं. मागताना संकोच करू नये. अवघडलेला माणूस हलतो आणि हललेल्या माणसाचं चित्र खराब येतं. त्यामुळे रुग्णाच्या आरामाची जितकी गरज रुग्णाला, तितकीच रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टलाही असते.

## बोगदा इतका अरुंद का?

शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, आणि दोन्हींत हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे एकच प्रोटॉन, आणि तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. शरीर जोरदार चुंबकीय क्षेत्रात नेलं की क्षेत्राच्या दिशेने कललेल्या प्रोटॉनांची संख्या किंचित वाढते. मग रेडिओ लहरींचा एक छोटा झोत सोडून त्यांना हलवायचं. झोत थांबला की ते पूर्वस्थितीला येता येता स्वतःच एक क्षीण रेडिओ संकेत सोडतात. हा संकेत पकडून गणिताने त्याचं चित्र बनवायचं, एवढंच एमआरआयचं काम.

चुंबकाची ताकद टेस्ला या एककात मोजतात. रुग्णालयांतली बहुतेक यंत्रं १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. एवढं क्षेत्र निर्माण करायला नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात. त्या तापमानाला तारेचा विरोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. म्हणूनच 'दोन तपासण्यांच्या मध्ये चुंबक बंद करा' असं सांगता येत नाही. तो रात्री, सुट्टीच्या दिवशी, वीज गेल्यावरही चालूच असतो. खोलीत जाण्याआधी नाणी, किल्ल्या, केसांच्या पिना काढून घेतात त्या यासाठी.

नुसती ताकद असून भागत नाही. शरीराच्या ज्या भागाचं चित्र घ्यायचं तिथे क्षेत्र जवळजवळ एकसारखं लागतं, इतकं की सुमारे ४०-५० सेंटीमीटरच्या गोलात फरक दहा लाखांत काही भागांपुरताच असावा. वेटोळी जितकी जवळ, तितकं हे सोपं. बोगदा रुंद केला की तार जास्त लागते, वीज जास्त लागते, किंमत वाढते, आणि कडेला चित्र वेडंवाकडं होऊ लागतं. त्यामुळे बरीच वर्षं ६० सेंटीमीटर व्यासाचा बोगदा हाच रिवाज होता. २००४ मध्ये ७० सेंटीमीटरचं १.५ टेस्लाचं यंत्र आलं, आणि आता ०.५५ टेस्लाच्या कमी ताकदीच्या यंत्रात ८० सेंटीमीटरपर्यंत मजल गेली आहे.

दहा सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण बोगद्याचा खालचा भाग टेबलानेच खाल्लेला असतो. नाकासमोर उरणारी जागा आणि खांद्यांना मिळणारी मोकळीक यांत हे दहा सेंटीमीटर मोठे ठरतात. वेळ ठरवताना 'बोगद्याचा व्यास किती?' हे जरूर विचारावं. बहुतेक लोक फक्त किती टेस्लाचं यंत्र आहे ते विचारतात आणि जास्त म्हणजे चांगलं असं धरून चालतात. खरं तर गुडघा, कंबर किंवा मेंदूच्या नेहमीच्या तपासणीसाठी रुंद बोगद्याचं १.५ टेस्लाचं यंत्र बहुतेक वेळा पुरेसं असतं.

दुसरा प्रश्न, 'माझं डोकं आत जाणार की बाहेर राहणार?' ज्या भागाची तपासणी तो भाग बोगद्याच्या मध्यावर आणावा लागतो. मेंदू किंवा मान असेल तर डोकं आत जाणारच, त्याला इलाज नाही. गुडघा किंवा घोटा असेल तर पायाकडून आत नेतात आणि डोकं बाहेर राहतं. कमरेच्या मणक्यांसाठीही बऱ्याच यंत्रांवर पायाकडून जाता येतं. मग चेहरा बोगद्याच्या तोंडाशी येतो, छत दिसतं, आणि निम्मी घुसमट तिथेच संपते. मात्र हे आपणहून सुचवतीलच असं नाही, कारण नेहमीची पद्धत डोक्याकडून आत नेण्याची असते. विचारावं लागतं.

## तो ठणठणाट कुठून येतो?

मुख्य चुंबक मुकाट असतो. आवाज करते ती त्याच्या आत बसवलेली दुसरी वेटोळी, जिला ग्रेडियंट कॉइल म्हणतात. संकेत शरीराच्या नेमक्या कुठल्या बिंदूतून आला हे ठरवायला ती चुंबकीय क्षेत्रात हलकासा उतार तयार करते, आणि तो उतार सेकंदात शेकडो वेळा बदलते. तिच्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह चालू-बंद होत असतो. जोरदार चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून प्रवाह गेला की तारेवर बल येतं. लाऊडस्पीकरचा पडदा नेमका याच बलाने हलतो. इथे पडद्याच्या जागी माणसाभोवतीचा अख्खा नळा थरथरतो.

तपासणी सलग एक नसते. ती पाच-दहा तुकड्यांत होते, आणि प्रत्येक तुकड्याला सीक्वेन्स म्हणतात. एकेक सीक्वेन्स दोन ते सहा मिनिटांचा. प्रत्येकात वेटोळ्याची लय वेगळी, म्हणून आवाजही वेगळा: कधी संथ ठकठक, कधी टर्रर्र, कधी भोंग्यासारखा सूर. मेंदूच्या तपासणीत पक्षाघात शोधायला वापरतात तो डिफ्यूजन सीक्वेन्स सगळ्यांत कर्कश, आणि त्यात टेबलही हादरतं. यंत्र बिघडलं, असं तेव्हा अनेकांना वाटतं. बिघडलेलं नसतं. दोन सीक्वेन्सच्या मधल्या शांततेत ऐकू येणारी बारीक चुकचुक म्हणजे हेलियम थंड ठेवणारा पंप.

यंत्राजवळचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. संरक्षण लावल्यावर कानापर्यंत पोचणारा आवाज ९९ डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अट आहे. ही झाली कमाल मर्यादा. सुखाची पातळी त्याच्या बरीच खाली असते, आणि ती गाठणं बहुतांशी इअरप्लग कसा बसला यावर अवलंबून असतं.

फोमचा इअरप्लग नीट बसला तर पाकिटावर लिहिलेल्या २५-३० डेसिबलच्या आसपास आवाज कमी करतो. कानाच्या तोंडाशी नुसता टेकवून ठेवला तर त्याचा उपयोग नावापुरताच. बसवण्याची रीत अशी: बोटांत लाटून त्याची बारीक, सुरकुती नसलेली वात करायची. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे कानाची नळी सरळ होते. वात आत सरकवून फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायची. बोललेलं स्वतःचंच बोलणं डोक्यात घुमायला लागलं की बसला. लहान मुलाच्या कानाची पाळी खाली आणि मागे ओढतात.

त्यावर हेडफोन चढवले तर दोन्ही संरक्षणांची बेरीज होत नाही, फक्त आणखी काही डेसिबल कमी होतात. आवाजाचा काही भाग कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानाला पोचतो, त्याला कानावरचं काहीच अडवत नाही. डोक्याभोवतीच्या फोमच्या गाद्या इथे थोडा हातभार लावतात, कारण त्या टेबलाची थरथर डोक्यापर्यंत कमी पोचू देतात.

मग गाणी का ऐकू येत नाहीत? नेहमीच्या हेडफोनमध्ये चुंबक असतो, तो आत चालत नाही. इथले अनेक हेडफोन हवेच्या नळीतून आवाज पोचवतात, त्यामुळे गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं आणि सीक्वेन्स सुरू झाला की त्यात बुडून जातं. त्यापेक्षा मधल्या शांततेत तंत्रज्ञाचं बोलणं ऐकू येणं जास्त मोलाचं. स्वतःचे बिनतारी इअरबड खिशात किंवा कानात राहिले असतील तर ते आधी काढायचे.

यंत्राला कमी आवाजात चालवता येतं का? येतं. ग्रेडियंटचे बदल कमी झटक्याने करणारे 'शांत' सीक्वेन्स बऱ्याच नव्या यंत्रांत आहेत. त्यांत वेळ थोडा वाढतो किंवा चित्राच्या धारदारपणात थोडी तडजोड होते. आवाजाचा अतिशय त्रास होणाऱ्या किंवा मायग्रेनच्या रुग्णाने ते मागून पाहायला हरकत नाही.

## जरा हाललं तर काय बिघडतं?

यंत्र वरून खाली एकेक ओळ टिपत जात असेल, असा समज असतो. तसं असतं तर एका क्षणाच्या हालचालीने एकच ओळ बिघडली असती. प्रत्यक्षात दर क्षणाला मोजलेल्या संकेतात त्या सगळ्या भागाची सरमिसळ माहिती असते, आणि सगळी मोजमापं जमल्यावरच चित्र उलगडतं. बादलीभर पाण्यात शाईचा एक थेंब पडला की तो एका कोपऱ्यात थांबत नाही, तसंच हे. तीस सेकंदांचं खोकणं चार मिनिटांच्या अख्ख्या सीक्वेन्सवर सावल्या उमटवतं.

पण दिलासा असा की बिघडतो तो तेवढाच सीक्वेन्स. आधीचे पूर्ण झालेले शाबूत राहतात. म्हणून खाजवणं, आवंढा गिळणं, खोकणं, पायाची बोटं हलवणं हे सगळं आवाज थांबल्यावर करायचं. तेव्हाही जागा सोडायची नाही. मानेच्या तपासणीत आवंढ्याचा त्रास सगळ्यांत जास्त, कारण गिळताना घसा आणि जीभ चांगलीच हलते.

पोटाच्या तपासणीत श्वास रोखायला सांगतात, एका वेळी १० ते २० सेकंद. श्वास सोडून मग रोखायला सांगितलं तर गोंधळू नये. श्वास सोडल्यावर पोटातले अवयव दर वेळी जवळपास एकाच जागी येतात, भरून घेतल्यावर दर वेळी थोडे वेगळीकडे. रोखणं जमत नसेल तर ते आधी सांगावं. पोटावर पट्टा बांधून श्वासाच्या लयीशी जुळवून चित्र घेण्याची सोय असते. वेळ जास्त लागतो, पण अर्धवट रोखलेल्या श्वासापेक्षा चित्र बरं येतं.

## टेबलावरची पहिली पाच मिनिटं

एमआरआय सुखाची होणार की छळाची, हे बहुधा टेबल आत सरकण्याआधी ठरतं. 'ठीक आहे का?' असं विचारल्यावर घाईघाईने मान हलवणारे दहाव्या मिनिटाला तळमळू लागतात. सुरुवातीला किंचित टोचणारी कडा विसाव्या मिनिटाला असह्य होते. म्हणून पूर्ण एक मिनिट तसंच पडून राहायचं आणि मग उत्तर द्यायचं.

गुडघ्यांखाली त्रिकोणी उशी मागायचीच. पाय सरळ ठेवून पाठीवर झोपलं की कमरेची कमान वाढते आणि मांडीकडे जाणारा स्नायू मणक्यांना ओढत राहतो. गुडघे वाकले की हा ताण सुटतो. कंबरदुखीच्या रुग्णाला याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने क्वचितच. पोटऱ्यांखालीही आधार देऊन टाचा किंचित अधांतरी ठेवल्या तर टाचेवरचा दाब जातो. कोपराखाली पातळ गादी घालावी, कारण तिथे मज्जातंतू हाडाला लागून असतो आणि दाबला गेला की करंगळी बधिर होते.

पाठीला पोक आलेल्या वृद्धांची अडचण वेगळी. त्यांचं डोकं टेबलाला टेकतच नाही, आणि डोक्याभोवती बसवायची कॉइल, म्हणजे संकेत पकडणारा पिंजरा, सपाट पडलेल्या डोक्यासाठी बनवलेला असतो. काही कॉइल तिरक्या करता येतात. नाहीतर गुंडाळायची लवचीक कॉइल वापरता येते आणि पाठीखाली, मानेखाली घड्या भरता येतात. वेळ ठरवतानाच हे कळवलं तर तंत्रज्ञ तयारीत राहतात, ऐनवेळी कळलं तर डोकं दाबून बसवण्याची पाळी येते.

मनगट आणि कोपराच्या तपासणीत पालथं झोपून हात डोक्यावर ताणायला सांगतात, कारण अवयव बोगद्याच्या मध्यावर आला की चित्र उत्तम येतं. खांदा दुखणाऱ्याला ही स्थिती पाच मिनिटंही झेपत नाही. हात शरीराच्या बाजूला ठेवून तपासणी करता येते. चित्राची प्रत थोडी उतरते, पण हललेल्या उत्तम चित्रापेक्षा स्थिर मध्यम चित्र केव्हाही उपयोगाचं. स्तनांच्या तपासणीत पालथं झोपणं टळत नाही. तिथे बरगड्या, कपाळ आणि नडग्या यांखालच्या गाद्या नीट करून घ्याव्यात.

वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती टेबलावर चढण्याआधी पाऊण ते एक तास घ्यावी, यंत्रासमोर बसल्यावर घेऊन उपयोग नाही. लघवीला जाऊन यावं. लघवी जास्त होण्याची गोळी सकाळी घेत असाल तर ती त्या दिवशी पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. ओटीपोटाच्या काही तपासण्यांना मूत्राशय थोडं भरलेलं लागतं, तेव्हा तशी सूचना मिळते. खोली थंड असते, पायावर पांघरूण मागावं.

## आत जीव घाबरतो त्याचं काय?

बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो, आत दिवा असतो, पंख्याचा झोत असतो. पंखा वाढवायला सांगता येतं. चेहऱ्यावर हवा लागत राहिली की कोंडल्याची भावना बरीच कमी होते. हातात रबरी फुगा दिलेला असतो, तो दाबला की बाहेर घंटा वाजते. सुरू होण्याआधी तो एकदा दाबून बघावा. घंटा खरंच वाजते हे स्वतः ऐकलेलं असलं की मग तो दाबायची गरज सहसा पडत नाही.

डोळे मिटायचे असतील तर टेबल सरकण्याआधी मिटायचे, आणि वर घडी केलेलं सुती कापड ठेवायचं. आत गेल्यावर अचानक डोळे उघडून नाकासमोर पांढरी भिंत दिसणं, हा घाबरण्याचा सगळ्यांत नेहमीचा क्षण आहे. ज्यांना डोळे मिटूनच जास्त भीती वाटते त्यांच्यासाठी डोक्याच्या कॉइलवर तिरपा आरसा असतो. त्यातून पायाकडची खोली आणि काचेपलीकडचा माणूस दिसतो. आरसा बसवला आहे ना, हे बघून घ्यावं. तो बाजूला काढून ठेवलेला असण्याची शक्यता बरीच.

श्वासाचा सल्ला सगळेच देतात, पण एमआरआयमध्ये त्याला एक मेख आहे. खोल श्वासाने छाती, खांदे आणि थोडं डोकंही हलतं. म्हणून संथ, लांब उच्छ्वास सोडण्याचा प्रयोग दोन सीक्वेन्सच्या मध्ये करायचा. आवाज सुरू असताना साधा, उथळ श्वास चालू द्यायचा.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पुढे काय होणार ते आधी सांगणं. 'आता साडेतीन मिनिटांचा, थोडा मोठा आवाज' एवढं एक वाक्य तंत्रज्ञाने दर सीक्वेन्सआधी उच्चारलं तर आतल्या माणसाला वेळेचा अंदाज राहतो. शांततेत कुणीच बोललं नाही तर आपल्याला विसरून सगळे निघून गेले की काय, असं वाटायला दोन मिनिटं पुरतात. 'दर वेळी किती मिनिटं ते सांगाल का?' असं सुरुवातीलाच म्हणून ठेवावं. सोबतचा माणूसही धातूची तपासणी करून, कानात प्लग घालून खोलीत थांबू शकतो. पायावर ठेवलेला त्याचा हात आतल्या माणसाला पुरतो.

## ओपन एमआरआयच का करू नये?

ओपन यंत्रात वर आणि खाली चुंबकाच्या दोन तबकड्या असतात आणि बाजू मोकळ्या. बोगदा नाही. पण अशा रचनेत क्षेत्र जोरदार करणं अवघड, म्हणून बरीच ओपन यंत्रं ०.२ ते ०.४ टेस्लाची असतात, काही मोजकी १ टेस्लाच्या आसपास पोचतात. संकेत कमी, म्हणून वेळ जास्त आणि बारकावे कमी. गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीला चालून जाईल. मेंदूतली छोटी गाठ, हृदय, प्रोस्टेट यांसाठी तपासणी पुन्हा बंद यंत्रात करायची वेळ येऊ शकते. शिवाय वरची तबकडी चेहऱ्याच्या जवळ असतेच. फार स्थूल किंवा अतिशय घाबरणाऱ्या रुग्णासाठी हा खरा पर्याय आहे. बाकीच्यांनी आधी ७० सेंटीमीटरचा बोगदा करून पाहावा, असं माझं मत.

## गोळी देऊन झोपवा ना!

लोराझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी भीती कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणीआधी साधारण अर्धा ते एक तास घेता येते. तिने झोप लागावी अशी अपेक्षा नसते, फक्त धडधड कमी व्हावी. सोबत कुणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या माणसाने ते आधी सांगितलंच पाहिजे, कारण अशा गोळ्यांनी श्वास मंदावतो आणि आत गेलेल्या माणसाकडे पटकन लक्ष जात नाही.

शिवाय अर्धवट झोप चित्राला मारक असते. पेंगणारा माणूस घोरतो, मान हलते, दचकून जागा होतो. पोटाच्या तपासणीत तर 'श्वास सोडा, रोखा' ही सूचनाच त्याच्या कानी पडत नाही.

पूर्ण भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ लागतो, एमआरआयच्या खोलीत चालणारा व्हेंटिलेटर आणि मॉनिटर लागतो, आणि उपाशी राहावं लागतं: हलका घन आहार ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. त्यात स्वतःचा धोका असतोच. त्यामुळे बाकी उपाय संपल्यावरच हा मार्ग.

लहान मुलांत आधी इतर युक्त्या करून बघतात. पहिल्या काही महिन्यांच्या बाळाला तपासणीच्या जरा आधी पोटभर पाजून, गुंडाळून, कानांवर मऊ आच्छादन लावून झोपवलं की बहुतेक वेळा भूल लागत नाही. थोड्या मोठ्या मुलांना यंत्राचे आवाज घरी आधी ऐकवावेत, पुतळा होऊन पडून राहण्याचा खेळ रोज थोडा थोडा खेळावा. काही रुग्णालयांत सरावासाठी खोटं यंत्र असतं. एमआरआय यंत्रं बनवणाऱ्या जीई कंपनीचे डिझायनर डग डिट्झ यांनी तर तपासणीच्या खोल्या समुद्री चाच्यांच्या जहाजासारख्या सजवून आवाजांना गोष्टीत गोवलं, आणि तो प्रयोग चालला. मूल कधी हट्टाला पेटेल याचा नेम नसतो, म्हणून सगळ्यांत महत्त्वाचा सीक्वेन्स आधी उरकायचा.

## अंग गरम होतं, मुंग्या येतात, गरगरतं

ऊब रेडिओ झोतांची. झोतातली थोडी ऊर्जा शरीरात उष्णता म्हणून मुरते. नेहमीच्या पद्धतीत ही मर्यादा साऱ्या शरीरासाठी दर किलोला २ वॅट असते, आणि यंत्र तिचा हिशोब तुम्ही सांगितलेल्या वजनावरून करतं. म्हणून वजन खरं सांगायचं. तोच सीक्वेन्स १.५ ऐवजी ३ टेस्लावर चालवला तर उष्णता जवळपास चौपट होते, त्यामुळे तिथे जाड पांघरूण नको.

सर्वांगाला हलकी ऊब चालते. एकाच ठिकाणी चटका बसू लागला तर क्षणभरही न थांबता फुगा दाबायचा. असे चटके बसण्याची कारणं ठरलेली आहेत: हात एकमेकांत गुंफले, घोटे एकमेकांवर टाकले, मांड्या एकमेकींना चिकटल्या की शरीरातूनच प्रवाहाचं एक कडं तयार होतं आणि त्वचा जिथे त्वचेला टेकते तिथे भाजतं. कोपर बोगद्याच्या भिंतीला किंवा कॉइलच्या वायरला टेकला तरी तेच. मध्ये सेंटीमीटरभर जाडीची गादी किंवा चादरीची घडी हवी. चांदीचा धागा विणलेले व्यायामाचे कपडे आणि धातूचा पातळ थर असलेली औषधी पट्टी यांनीही भाजतं, म्हणून अंगातले कपडे बदलून रुग्णालयाचेच घालावेत.

पाठीत, खांद्यात किंवा नाकाच्या शेंड्याशी स्नायू फुरफुरला तर तो ग्रेडियंटच्या झपाट्याने मज्जातंतूला बसलेला इवलासा धक्का. तो निरुपद्रवी असतो. दुखू लागला तर सांगावं, सीक्वेन्स मंद करता येतो.

आत जाताना किंवा बाहेर येताना गरगरणं हे ३ टेस्लाला जास्त. आतल्या कानातल्या द्रवातून नैसर्गिकपणेच बारीक विद्युतप्रवाह वाहतात, चुंबकीय क्षेत्र त्यांना ढकलतं आणि तोल सांभाळणाऱ्या अवयवाला आपण फिरतोय असं वाटतं. टेबल हळू सरकवायला सांगावं, सरकताना डोकं वळवू नये. संपल्यावर मिनिटभर टेबलावरच बसून मग उतरावं.

डाय द्यायची असेल तर सुई आधीच लावून ठेवतात आणि मध्येच पंपाने औषध जातं. गॅडोलिनियमच्या या औषधाचं प्रमाण बहुतेकदा किलोला ०.२ मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिलिटर. हातातून वर जाणारा गारवा आणि तोंडात धातूसारखी चव एवढं नेहमीचं. दंड दुखला किंवा सुजल्यासारखा वाटला तर औषध शिरेबाहेर जात असू शकतं, तेव्हा लगेच कळवावं. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असेल तर डाय ठरवण्याआधी डॉक्टरांना माहीत हवा.

## वेळच कमी का करत नाहीत?

करत आले आहेत. ३ जुलै १९७७ रोजी अमेरिकी डॉक्टर रेमंड डमाडियन यांच्या गटाने माणसाच्या छातीचं पहिलं चित्र घेतलं तेव्हा जवळपास पाच तास लागले होते. आज मेंदूची तपासणी २० ते ३० मिनिटांत होते. एकाच वेळी अनेक कॉइलनी संकेत टिपणं, थोडी मोजमापं गाळून उरलेलं गणिताने भरून काढणं, आणि अलीकडे संगणकाला शिकवून चित्रातली खरखर काढणं, यांनी बरेच सीक्वेन्स निम्म्यावर आले आहेत. मात्र वाचलेल्या वेळाचा वापर केंद्रं दोन प्रकारे करतात: रुग्णाला लवकर सोडायला किंवा त्याच वेळात अधिक बारीक चित्र घ्यायला. घाबरणाऱ्या किंवा दुखणाऱ्या रुग्णाने 'लहान प्रोटोकॉल, म्हणजे कमी सीक्वेन्सची तपासणी, चालेल का?' असं रेफर करणाऱ्या डॉक्टरांकरवी विचारून घ्यावं. प्रश्न नेमका असेल, उदाहरणार्थ 'या मज्जातंतूवर दाब आहे का?', तर सात सीक्वेन्सऐवजी तीन-चार पुरू शकतात.

## आणि मध्येच उठावं लागलं तर?

फुगा दाबला की टेबल बाहेर येतं, हाताने ओढूनही काढता येतं. पूर्ण झालेले सीक्वेन्स साठवलेले असतात. डोकं आणि कॉइल जागची हलली नसतील तर थोडं थांबून, पाणी न पिता, नुसता श्वास सावरून पुढचा सीक्वेन्स घेता येतो. उठून बसलात तर आधी जागा जुळवणारी छोटी चित्रं पुन्हा घ्यावी लागतात, त्याला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी जमलंच नाही तर कुठले सीक्वेन्स झाले आणि कुठले राहिले ते कागदावर लिहून मागावं. झालेल्यांवरून उत्तर मिळतंय का, हे रेडिओलॉजिस्ट बघून सांगू शकतात. पुढच्या वेळी फक्त उरलेले घ्यायचे, तेही शक्य असेल तर त्याच यंत्रावर, म्हणजे दोन्ही वेळची चित्रं एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात.